नार्व्याच्या धक्क्यासाठी छोटे रीळ निवडताना

गोव्यात मांडवीवरच्या नार्व्याच्या फेरी धक्क्यापासून थोडे वर, खारफुटीच्या कडेला, मागच्या मार्चमध्ये माझा एक तांबसो मासा गेला. गळातून निसटला नाही, दोरीच तुटली. पाऊण किलोचा तरी असावा. त्याने आमिष घेतले, वळला आणि सरळ मुळांकडे धावला. माझ्या रिळाने, म्हणजे काठीवरच्या दोरी गुंडाळणाऱ्या यंत्राने, क्षणभर दोरी धरून ठेवली, मग एकदम सोडली, पुन्हा धरली. त्या दुसऱ्या धरण्यात खट् झाले आणि काठी हलकी पडली.

ते रीळ मी घरबसल्या मोबाइलवरून मागवले होते. खोक्यावर लिहिले होते: १३ बेअरिंग, धातूची बॉडी, ड्रॅग ८ किलो. आकडे मोठे म्हणून माल चांगला, असा माझा सरळ हिशेब. आकार ३०००चा, म्हणजे माझ्या काठीला मोठाच, आणि काठी साडेसहा फुटांची, ३ ते १० ग्रॅमची आमिषे फेकायची. तासाभरात मनगट भरून यायचे. रिळाच्या वजनाने काठी मागे झुकायची आणि टोकाला काय चालले आहे ते हातापर्यंत पोचायचेच नाही. काळुंदर मासा हलकेच टोचून जायचा आणि मला पत्ता नसायचा.

धक्क्यावर आमच्या वाड्यातले एक मामा नेहमी असतात. त्यांच्याकडे काठी नाही, रीळ नाही. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली दोरी, टोकाला शिसे, गरी आणि सुंगट, म्हणजे कोळंबी. त्या दिवशी त्यांनी सगळे पाहिले होते. काही न बोलता त्यांनी आपली दोरी माझ्या हातात दिली आणि दुसरे टोक स्वतः ओढले. मी घट्ट धरली. त्यांनी मान हलवली, मग माझ्या तर्जनीवरून दोरी घेऊन अंगठा वर ठेवायला लावला. "ओडटा तेन्ना सोडूंक जाय," ते म्हणाले. ओढतो तेव्हा सोडायला हवे. पुन्हा ओढली तेव्हा दोरी बोटावरून सरकली, गरम लागली, पण कुठे अडली नाही. मासा ओढतो तेव्हा बोट जे करते तेच काम रिळात ड्रॅग करतो. हे मला आधी कोणी असे दाखवले असते तर १३ बेअरिंगच्या नादी लागलो नसतो.

घरी येऊन जुने रीळ उघडले. पुढची टोपी काढली की स्पूलच्या, म्हणजे दोरी गुंडाळायच्या फिरकीच्या, पोटात चकत्या असतात, एक धातूची, एक नमद्याची किंवा कार्बनची, अशा आलटून पालटून. टोपी आवळली की चकत्या दाबल्या जातात आणि स्पूल जड फिरतो. माझ्या रिळातल्या नमद्याच्या चकत्या कोरड्या ठणठणीत, कडेला पांढरी पूड. मिठाची. बाजूचे झाकण काढले तर आतल्या दोन बेअरिंगवर तांबडा गंज. जितकी बेअरिंगे जास्त, तितक्या गंज धरायच्या जागा जास्त. स्वस्त रिळात तर हे हमखास होते.

इथे गोव्यातल्या नदीचे सांगितले पाहिजे. छोट्या रिळांबद्दल जे वाचायला मिळते ते बहुतेक गोड्या पाण्याचे, डोंगरातल्या ओढ्याचे. आपली मांडवी तशी नाही. समुद्राची भरती मांडवीत गांजेपर्यंत, म्हणजे जवळपास ५० किलोमीटर आत चढते. पावसात नार्व्याला पाणी गोडे आणि गढूळ असते, पण एप्रिल-मेमध्ये तेच पाणी खारट लागते. तेव्हा रीळ लहान हवे, हलके हवे, पण खाऱ्याला टिकणारे हवे. आणि मासा नदीतला असला तरी तांबसो, चोणक, गोबरो ही काही गरीब जनावरे नव्हेत. घेतल्याबरोबर मुळांत नाहीतर पुलाच्या खांबांवरच्या कालवांत शिरतात.

मग आकार ठरवायला बसलो. १०००, २०००, २५०० हे रिळाच्या आकाराचे अंदाजे क्रमांक. सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. दाइवा आणि शिमानो या दोन कंपन्यांचेच बघा, दाइवाचा जुना २५०० हा शिमानोच्या ४०००च्या जवळ जायचा. २०१८मध्ये दाइवाने एलटी नावाची रिळांची मालिका आणली तेव्हापासून हे अंतर कमी झाले. म्हणून नुसता आकडा न बघता वजन बघायचे. माझ्या काठीला २००-२३० ग्रॅमचे रीळ हवे होते. १०००चे मला फार इवलेसे वाटले, स्पूल लहान म्हणजे दोरीला वळ्या जास्त. २५०० चालले असते. २०००वर मन स्थिरावले.

वेगाचाही प्रश्न होता. ५.२:१ म्हणजे हँडल एकदा फिरवले की दोरी गुंडाळणारा रोटर जवळपास सव्वापाच वेळा फिरतो. माझ्या आकाराला एका फेऱ्यात सत्तरेक सेंटिमीटर दोरी येते. ६:१च्या वरची रिळे जलद. भरतीला पाणी आपल्या अंगावर येत असते आणि ढिली पडलेली दोरी पटकन ओढावी लागते, तिथे जलद रीळ कामाला येते. पण मी बहुतेक सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आमिष तळाजवळून हळूहळू आणत मासे धरतो. म्हणून सावकाश चालणारे घेतले.

म्हापशाच्या दुकानात मी काठी सोबत नेली होती. दुकानदार भला माणूस, चार रिळे काढून ठेवली. मी एकेक काठीला लावून रिळाच्या जरा पुढे एका बोटावर तोलून बघत होतो. मग त्यांच्याकडूनच थोडी दोरी मागून प्रत्येक स्पूलवर चार वळसे घेतले, ड्रॅग अर्धा आवळला आणि हाताने ओढले. पहिल्या झटक्याला स्पूल अडतो की वाहतो, एवढेच बघायचे होते. महागातल्या एकाने पहिल्यांदा हिसका दिला. त्याहून स्वस्त, ४ बेअरिंगचे एक रीळ मात्र मामांच्या बोटासारखे सुटले. बॉडी ग्राफाइटची. दुकानदाराने धातूचीच घ्या म्हणून सुचवले, पण ॲल्युमिनिअमवरचा थर खरवडला की खाऱ्या पाण्यात तिथून खराबी सुरू होते, आणि हलक्या मासेमारीला तेवढी कणखर बॉडी लागतही नाही. मी ग्राफाइटचेच घेतले. हँडल डावीकडे बदलता येते हेही तिथेच करून बघितले, कारण मी उजव्या हाताने काठी धरतो.

दोरी भरताना मात्र चूक झालीच. पीई ०.८ जाडीची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, थेट धातूच्या स्पूलवर बांधली. ड्रॅग कितीही आवळला तरी दोरी ओढली की फिरायची. रीळच वाईट निघाले असे वाटून रात्री झोप लागली नाही. सकाळी नीट पाहिले तर स्पूल जागच्या जागी होता आणि त्यावरची दोरी अख्खीच्या अख्खी गोल सरकत होती. ब्रेड गुळगुळीत असते, धातूला पकड घेत नाही. सगळी उतरवून खाली दहा-बारा मीटर मोनो, म्हणजे साधी एकपदरी नायलॉनची दोरी, भरली, तिला ब्रेड जोडली. स्पूलच्या काठापासून दीड-दोन मिलिमीटर जागा रिकामी ठेवली. काठोकाठ भरली तर फेकताना झुबका सुटतो. पुढे हातभर फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे टोकाचा चिवट तुकडा, कालवांवर घासून दोरी तुटू नये म्हणून.

ड्रॅग लावायला सगळ्यात उपयोगी पडली ती दीड लिटरची पाण्याची बाटली. दोरीच्या तुटण्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर ड्रॅग ठेवायचा असा नियम आहे. माझी दोरी-लीडर मिळून सगळ्यात कच्चा दुवा सहा किलोच्या आसपासचा, म्हणजे ड्रॅग दीड किलो. दीड लिटर पाणी दीड किलोच भरते. गॅलरीत उभा राहून रिळातून दोरी सरळ खाली सोडली, टोकाला बाटली बांधली. टोपी एकेक टिचकी सैल करत गेलो. एका टिचकीला बाटली स्थिर लटकली, पुढच्या टिचकीला हळूहळू, न थांबता, अंगणापर्यंत उतरली. आई तुळशीपाशी उभी राहून ते बघत होती. जुन्या रिळाला हेच केले तर बाटली थांबत, धपकन घसरत, पुन्हा थांबत गेली. खोक्यावरच्या ८ किलोंचा इथे काहीच संबंध नव्हता.

आता नदीवरून आलो की ड्रॅग पूर्ण आवळतो, म्हणजे चकत्यांत पाणी शिरत नाही, आणि नळाच्या बारीक धारेखाली रीळ धुतो. जोराचा फवारा मारायचा नाही, तो मीठ आत ढकलतो. पुसले की ड्रॅग सैल करून सावलीत ठेवतो. आमिष फेकल्यावर बेलची तार, म्हणजे दोरी स्पूलकडे वळवणारी कमान, हँडल फिरवून न मिटता हाताने मिटवायची सवयही लावून घेतली. त्याने ढिली वळी स्पूलवर बसत नाही आणि गाठी पडायच्या थांबल्या.

एप्रिल संपता संपता, सुकतीच्या दुसऱ्या तासाला, त्याच खारफुटीपाशी तांबसो लागला. पहिल्या धावेला स्पूलने झर्र आवाज काढला आणि दोरी वाहत गेली. मी काठी आडवी करून त्याला मुळांच्या बाहेर वळवला. अर्ध्या किलोच्या जरा वर भरला. मामा उठून आले. त्यांनी मासा नाही बघितला, रीळ हातात घेतले, दोन बोटांत दोरी धरून ओढली, पुन्हा ओढली.

"हांव सोडटां तशेंच सोडटा," मी सोडतो तसेच सोडते, म्हणाले, आणि आपल्या गरीला नवे सुंगट लावायला बसले.