केळं, घुबड आणि 'वाईट नाही'

"ता ला बानान, त्वा!" फ्रान्समधल्या ल्योंच्या ऑफिसात कॉफीच्या मशिनपाशी एक सहकारी मला म्हणाला. शब्दशः, तुझ्याकडे केळं आहे! माझ्या डब्याच्या पिशवीत खरोखरच केळं होतं. याला ते कसं दिसलं, या विचारात मी ते काढून त्याच्यापुढे धरलं. तो हसून हसून भिंतीला टेकला. आईचा व्हिसा आल्यामुळे मी सकाळपासून आपली हसतच होते, आणि ओठांचा तो आकार म्हणजेच त्याचं केळं.

फ्रेंचांचा आनंद असा भाजीबाजारातून येतो. अंगात हुरूप असला की त्यांच्याकडे 'पेश' असतं, म्हणजे पीच; कधी 'पातात', म्हणजे बटाटा; नाहीतर 'फ्रित', तोच बटाटा कापून तळलेला. सगळं त्यांच्या'कडे' असतं. आपल्याला आनंद 'होतो', सर्दी व्हावी तसा. त्यात आपला काही हात नसतो.

घुबडाची तर कमालच. एखादा बेत जमला की "से श्वेत!" म्हणतात. कानाला शुभ्र-पांढरं काहीतरी वाटतं, पण 'श्वेत' म्हणजे घुबड. आमची आजी छपरावर घुबड दिसलं की काठी आपटायची. इथे सुट्टी मंजूर झाली तरी घुबड!

एकदा मात्र फजिती झाली. आई येणार म्हणून मी एक्सायटेड आहे, हे इंग्रजीतून उचलून मी जेवणाच्या टेबलावर "ज स्वी एक्सितेय" असं ठोकून दिलं. सगळ्यांनी एकदम आपापल्या ताटात पाहिलं. त्या शब्दाला तिथे शय्यागृहाचा वास आहे. म्हणायचं असतं "जे आत", मला घाई झालीय. मराठीतून गेले असते तर चुकले नसते. कधी एकदा आई येतेय असं झालंय, हे आपण म्हणतोच की. इंग्रजीच्या वाटेने गेले आणि खड्ड्यात पडले.

मग आई आली. दुसऱ्याच दिवशी तिने ओल्या नारळाच्या वड्या केल्या आणि खालच्या मजल्यावरच्या मादामना चहाला बोलावलं. मादामनी वडीचा कोपरा तोडला, सावकाश चघळला आणि भुवया उंचावून म्हणाल्या, "पा माल."

"काय म्हणाल्या गं?"

"वाईट नाही, म्हणाल्या."

आईचा चेहरा उतरला. चार तास ओट्यापाशी उभी राहिली होती ती. फ्रेंच माणसाच्या तोंडी 'वाईट नाही' म्हणजे चांगली पावती असते, हे मी समजावून सांगू लागले, तोवर मादामनी दुसरी वडी संपवून तिसरीला हात घातला होता. "पा माल द्यू तू," त्या आता म्हणाल्या, म्हणजे 'अजिबातच वाईट नाही'.

आई त्यांच्या हाताकडे बघत होती.

"म्हणजे बऱ्या झाल्यात म्हणतायत," ती म्हणाली. "तुझे बाबा म्हणतात तसं." आणि उरलेल्या वड्या डब्यात भरायला उठली.