घोडीखालचा थेंब

नवरात्र आठवड्यावर आलं की मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. अंबाबाईच्या देवळात नऊ दिवस गाणं असतं, आणि येणारा गवई एखादं तरी दुखणं घेऊन गल्लीत डोकावतोच. खुंटी सटकते, तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी पाटीला) चीर गेलीय, जवारी (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा घासून घडवलेला पृष्ठभाग) बसलीय. अशा गर्दीत गोव्याहून एक बुवा तंबोऱ्यांची जोडी घेऊन आले. दोन्ही मर्दानी, म्हणजे पुरुषी आवाजाचे, काळी एकचे (पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा), भोपळ्याचा घेर ५० इंचांच्या पुढे. एक झकास बोलत होता. दुसऱ्याचा जोड (मधल्या दोन षड्जाच्या तारा) आणि खर्ज (खालच्या षड्जाची शेवटची तार) ठीक, पंचमाची तार मात्र मुकी.

"भाई, दोनदा घासून घेतली. घासली की चार दिवस बोलते, मग परत गप्प. संध्याकाळपर्यंत होईल का?"

चार दिवस बोलते आणि गप्प होते, हे ऐकलं की माझे कान टवकारतात. जवारी खरोखर उतरली असेल तर ती हळूहळू, महिन्यामहिन्याने बसते. तारेच्या घासण्याने घोडीवर चरा पडतो, चऱ्यात तार अडकते आणि आवाज बंद व्हायला लागतो. चार दिवसांत चरा पडत नाही. म्हणजे दुखणं वरच्या पृष्ठभागाचं नव्हतं. तरी आधीच्या दोघा कारागिरांनी घासलं, कारण गिऱ्हाईक समोर बसलं असलं की कानस हातात घेणं सोपं असतं. घासलेलं हाड परत येत नाही, हे मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

तंबोऱ्याची घोडी सपाट दिसते, पण ती तशी नसते. तारांच्या दिशेने तिला अगदी थोडा उतार असतो. तार कंप पावताना त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि त्या टेकण्या-सुटण्यातून उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे बारीक स्वर, फुलतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं होतं. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा न हलणारा बिंदू असतो, तो उपस्वर नियमाने ऐकू यायला नको. तंबोऱ्यात तो खुशाल ऐकू येतो. गल्लीतल्या म्हाताऱ्या कारागिरांना हा नियम ठाऊक नव्हता, त्यामुळे तो मोडल्याचं त्यांना नवलही नव्हतं.

काळी एकला खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर असतो. त्याची पाचपट ३४६च्या आसपास, हाच तो स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा गांधार. हार्मोनियमच्या पट्टीवरचा गांधार याहून किंचित चढा असतो, म्हणून तंबोरा चांगला लागला की पेटी ऐकवत नाही. पंचमाच्या तारेचंही असंच आहे. तिची तिप्पट म्हणजे रिषभ, पाचपट म्हणजे निषाद. बुवांचा पंचम मुका होता म्हणजे नुसती एक तार गेली नव्हती, रिषभ आणि निषादाचं अख्खं अंगण ओस पडलं होतं. शेजारचा तंबोरा ठणठणीत असल्यामुळे तर ते जास्तच जाणवायचं. जोडीतला एक आजारी असला की दुसऱ्याचं बोलणंही कर्कश वाटू लागतं.

तारा ढिल्या करण्याआधी घोडीच्या पायांभोवती शिसपेन्सिलीने बारीक रेघ मारली. ही घोडी तारांच्या दाबावरच उभी असते, चारही तारा एकदम सोडल्या की सरकते आणि मग तारेची लांबी बदलते. खुणेचं काम मिनिटाचं, पण ते टाळल्यावर तासभर जागा शोधत बसावं लागतं. मग पंचमाच्या तारेखाली घोडीवर शिसं चोळलं आणि तार तशीच स्वरात ठेवून दहा-बारा वेळा छेडली. तार जिथे टेकते तिथे शिसं पुसून चकाकी येते. जोडाच्या तारांखाली चकाकीची पट्टी लांब आणि सरळ होती. पंचमाखाली नुसता पुढच्या कडेला ठिपका. तार एकाच जागी टेकत होती आणि उतारावरून गडगडत जायला तिला वावच नव्हता.

उतार चुकला असं यावरून वाटतं, आणि दोघांना वाटलंही तसंच. मी घोडीच्या मागून बॅटरी धरली. खर्जाच्या बाजूचा पाय तबलीवर दबून बसला होता, उजेड नाही. पंचमाच्या बाजूच्या पायाखालून मात्र केसाएवढी उजेडाची रेघ आली. कागदाची कड घातली तर निम्म्यापर्यंत आत गेली आणि अडली.

घोडी काढून पाय उलटा धरला. पायाच्या मागच्या कडेला डिंकाचा वाळलेला थेंब. लाकूड चिकटवायचा पांढरा डिंक वाळला की पारदर्शक होतो, म्हणून सहज दिसत नाही. बोटाच्या टोकाला खरखर लागली तेव्हा कळला. घोडी सरकू नये म्हणून कुणीतरी कधी तो लावला असणार. मागे उंची आल्यामुळे त्या बाजूने घोडी पुढे झुकली होती. चार दिवसांचं कोडं तिथेच सुटलं: घासताना कारागिराने त्या झुकलेल्या घोडीला जुळेल असा उतार दिला, म्हणून तार बोलली. मग प्रत्येक तारेचा पाचेक किलोचा ताण आणि गोव्याची दमट हवा यांनी पाय पुन्हा थोडा हलला, उतार बिघडला, तार गप्प.

खरं सांगायचं तर या कामात कंटाळवाणं बरंच असतं. चपड्याचं पॉलिश तासन् तास चोळा, भोपळ्याच्या आतली साल खरवडा, खुंट्या खडूने चोळून पुन्हा पुन्हा फिरवा. मजुरी वेळेच्या हिशेबाने कधी जमत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने नाव झालं, पण घोडी घासायला लागणारा वेळ काही कमी झाला नाही. तरीही माणूस पाटावरून उठत नाही, ते अशा थेंबासाठी. सकाळपासून डोक्यात चाललेली गिऱ्हाइकांची गर्दी, लाइटचं बिल, सगळं त्या क्षणी गळून पडलेलं असतं. बुवा समोर बसलेत हेही विसरायला झालं होतं. हात, कान आणि ते दोन इंचांचं हाड, एवढंच उरतं. आणि बरोबर की चूक हे सांगायला कुणाची शाबासकी लागत नाही, वाद्यच तोंडावर सांगतं.

पुढचं काम घाई न करण्याचं. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं थेंबावर ठेवलं, डिंक मऊ झाल्यावर पटाशीच्या कडेने अलगद काढला. मग तबलीवर शिसं लावून घोडी जागेवर ठेवून जराशी हलवली. पायाच्या ज्या जागी काळं लागलं ती उंच. तेवढीच खरवडायची, पुन्हा ठेवायचं, पुन्हा बघायचं. पाय पूर्ण काळा झाला आणि कागद कुठूनच शिरेना, तेव्हा वरच्या बाजूला वळलो. दोनदा घासल्यामुळे पंचमाखाली हाड आधीच खाली गेलं होतं. आता घोडी सरळ बसल्यावर तो उतार उलट जास्त झाला. मुलायम दातांच्या कानशीने बाकीच्या तीन तारांखालचं थोडं थोडं खाली आणलं आणि मग ८०० व १२०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट पट्टीवर गुंडाळून फिरवला. नुसत्या बोटाने पेपर फिरवला तर बोटाच्या मऊपणाने कडा गोल होतात आणि जवारी गोड असली तरी बोथट होते.

हाड उंटाचं होतं. हस्तिदंत आणि सांबरशिंग वन्यजीव कायद्याने बंद झालं, तेव्हापासून हाड, शिसम, नाहीतर कृत्रिम पट्टी. हाडाचा आवाज खणखणीत, शिसमाचा जरा मवाळ. कोणता चांगला यावर गल्लीत रोज वाद होतो, मी हाडवाल्यांच्या बाजूचा.

तारा चढवून स्वरात आणल्या. पंचम आणि जोड पोलादाचे, खर्ज पितळेचा. जवारी खुलावी म्हणून तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा घालतात, पण तो न घालता आधी ऐकायचं असतं. दोऱ्याशिवाय चारही तारा सारख्या बसक्या बोलल्या पाहिजेत. एखादी वेगळी बोलली तर दोरा तिला झाकतो, सुधारत नाही. सारख्या बोलल्या. मग साधा सुती दोरा पंचमाखाली घातला. मागे राहिला तर तार घोडीला चिकटून आवाज कोंडतो. फार पुढे गेला तर तार उचलली जाते आणि आवाज कोरडा पडतो. मधली जागा तांदळाच्या दाण्याएवढी. दोरा पुढे सरकवत, छेडत, पुन्हा सरकवत गेलो आणि एका ठिकाणी निषाद उघडला. त्याच्यामागोमाग रिषभ आला. मग खर्जाचा गांधार, जो आधीपासून होता, तोही मोठा झाल्यासारखा वाटला.

बुवा काहीच बोलले नाहीत. त्यांनी दुसरा तंबोरा उचलला, मांडीशी घेतला आणि त्याचा जोड लावू लागले. आधी पूर्ण मिळालेला जोड आता त्यांना किंचित उतरलेला वाटत होता, आणि तो होताही. तारेत ओवलेला, सूर बारीक जुळवायचा मणी रेघभर खाली ओढला. दहा मिनिटं दोघं दोन तंबोरे छेडत बसलो. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यातल्या एकानेही घड्याळ बघितलं नाही.

"मोबाइलवरचा तंबोरा बरा, दुरुस्ती नाही," असं बुवांची शिष्या गमतीने म्हणाली. त्यात खोट नाही; रियाझाला तो चालतो आणि प्रवासात सोयीचाही आहे. फक्त त्याचा स्वर तुम्ही लावलेला नसतो, त्यामुळे कान आळशी होतो.

निघताना बुवांना तीन गोष्टी सांगितल्या. प्रवासात तारा सुराच्या खाली आणा, पण पार सोडू नका, नाहीतर घोडी सरकेल. गोव्यात पावसाळ्यात तंबोरा भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल भिंतीतून तबलीत जाते. आणि पंचम पुन्हा बसला, तर आधी पायाखाली कागद घालून बघा, कानस नंतर. शिष्येने ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मी शेजारच्या गिऱ्हाइकाची सतार पुढ्यात ओढली. तिच्या तरफांच्या (मुख्य तारांखाली आपोआप घुमणाऱ्या) दोन तारा तुटल्या होत्या आणि एक खुंटी चिरली होती.