पाहायला कोण गेलं होतं?

डायनासोरांबद्दल कुठेही बोलायला उभी राहिले की शेवटी एक हात हमखास वर होतो. कधी दहा वर्षांच्या मुलीचा, कधी तिला घेऊन आलेल्या आजोबांचा. प्रश्न एकच: “सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं तुम्ही इतक्या खात्रीने सांगता, पण पाहायला कोण गेलं होतं?” विचारून झालं की माणसं जरा ओशाळतात, मला राग आला असेल असं वाटतं त्यांना. उलट मला हा प्रश्न फार आवडतो. ज्याला हे विचारावंसं वाटत नाही, त्याने उरलेली सगळी माहिती नुसती पाठ केलेली असते. पण घड्याळाकडे डोळे लावून दोन मिनिटांत त्याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून आज सवडीने सांगते.

संग्रहालयात तो अवाढव्य सांगाडा पाहिला की वाटतं, सगळं ज्ञान त्यातूनच आलं असणार. सांगाड्यातून आकार कळतो, दात कळतात, चाल कळते. पण तो प्राणी जगला कसा, हे कळलं ते अगदी बारीकसारीक गोष्टींतून.

हाडाचंच घ्या. जीवाश्म झालेल्या हाडाची चकती कापतात, काचेवर चिकटवतात आणि उजेड आरपार जाईपर्यंत घासत राहतात. अशी एक काच मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा मला तिथे दगड दिसेल असं वाटलं होतं. दिसलं हाड. रक्तवाहिन्या गेलेल्या जागा, हाडाच्या पेशींची इवली इवली घरं, सगळं जागच्या जागी. आणि कडेच्या बाजूला एकामागोमाग एक बारीक रेघा. झाडाच्या बुंध्यात वर्षाला एक वलय पडतं, तसंच हे. अडचणीच्या ऋतूत वाढ थांबली की हाडात रेघ उमटते. मी पेन्सिल घेऊन रेघा मोजायला बसले, चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. एका जनावराचं वय मी मोजत होते आणि त्याला जाऊन कोट्यवधी वर्षं झाली होती. तो दिवस मी विसरणार नाही.

याच रेघांवरून कळलं, की शिकागोच्या फील्ड म्युझियममधला ‘सू’ नावाचा टी. रेक्स, म्हणजे टायरॅनोसॉरस रेक्स हा अवाढव्य मांसाहारी डायनासोर, मेला तेव्हा सुमारे २८ वर्षांचा होता. त्याच्या मोडून पुन्हा सांधलेल्या बरगड्या सांगतात, की जबर मार खाऊनही तो पुढे जगला. टी. रेक्सच्या वेगवेगळ्या वयांच्या हाडांतल्या रेघा २००४ साली शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. तेव्हा दिसलं, की ऐन वयात हा प्राणी काही वर्षं दिवसाला जवळजवळ दोन किलोंनी वाढत असे. सुस्त, थंड रक्ताचा, उन्हात पडून राहणारा मोठा सरडा असं वाढूच शकत नाही. डायनासोरांचं ते जुनं चित्र पुसायला हाडांतल्या या रेघांची फार मदत झाली.

कधी कधी पुरावा चुकीचा वाचलाही जातो. ओव्हिराप्टरची हकिकत मी नेहमी सांगते, कारण ती मला लागलेली आहे. १९२३ साली मंगोलियाच्या गोबी वाळवंटात अंड्यांचं एक घरटं सापडलं आणि त्याच्यावरच एका लहानशा, चोचीच्या डायनासोरची हाडं. अंडी दुसऱ्याच जातीची, प्रोटोसेराटॉप्सची, असं धरून चालले. मग हा वर काय करतोय? चोरी. पुढच्या वर्षी जीवाश्मशास्त्रज्ञ हेन्री ऑस्बॉर्न यांनी त्याचं नाव ठेवलं ओव्हिराप्टर, म्हणजे अंडीचोर. हे नाव दिशाभूल करू शकेल असं त्यांनी स्वतःच तिथे लिहून ठेवलं होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. जवळजवळ सत्तर वर्षांनी, १९९३ मध्ये, गोबीतल्याच तशाच एका अंड्यात गर्भ सापडला. तो ओव्हिराप्टरच्याच कुळातला निघाला. पाठोपाठ त्याच कुळातले घरट्यावर बसलेले प्राणी सापडले. पाय दुमडलेले, पुढचे दोन्ही पाय अंड्यांच्या वर्तुळावरून पसरलेले, अंड्यावर बसलेला पक्षी पंख पसरतो तसे. वाळूखाली गाडले गेले, पण घरटं सोडून उठले नाहीत. ज्याला चोर म्हटलं तो अंडी उबवत होता. शास्त्रीय नाव नियमाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे तो डाग त्याच्या नावावर कायमचा राहिला. मी हे नाव उच्चारते तेव्हा दर वेळी ही गोष्टही सोबत सांगते, तेवढंच माझ्या हातात आहे.

पिसांचं थोडक्यात सांगते. १९९६ साली चीनच्या लियाओनिंगमधून सायनोसॉरोप्टेरिक्स हा पिसांसारखी लव असलेला छोटा डायनासोर जगासमोर आला. त्या लवेत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण टिकून होते. त्यांच्या आकारावरून २०१० मध्ये त्याच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे असल्याचं दाखवलं गेलं. डायनासोरांचा रंग कधीच कळणार नाही, असं माझ्या लहानपणीच्या पुस्तकांत छापलेलं होतं.

आता मेले कसे, ते. इथेही सुरुवात अगदी किरकोळ गोष्टीपासून झाली.

इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळ घळीत चुनखडीचे थर उघडे पडले आहेत. समुद्राच्या तळाशी साचलेला हा गाळ. त्यात एका ठिकाणी जेमतेम एक सेंटीमीटर जाडीचा मातीचा पट्टा आहे. पट्ट्याच्या खालच्या चुनखडीत सूक्ष्म समुद्री जीवांची भरपूर कवचं, वरच्या चुनखडीत मोजकी आणि बारीकशी. वॉल्टर अल्वारेझ या भूशास्त्रज्ञाला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की ही एक सेंटीमीटर माती साचायला वेळ किती लागला? त्यांचे वडील लुईस अल्वारेझ भौतिकशास्त्रातले नोबेल विजेते. त्यांनी सुचवलं, इरिडियम मोजा. हा धातू पृथ्वीच्या कवचात नावालाच सापडतो, अंतराळातून येणाऱ्या धुळीबरोबर मात्र तो सतत थोडा थोडा पडत असतो. जितका इरिडियम, तितका काळ. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी मोजमाप केलं. इरिडियम नेहमीच्या सुमारे ३० पट निघाला! डेन्मार्कमधल्या त्याच वयाच्या मातीत तर १६० पट. संथ पडणाऱ्या धुळीतून एवढा येणं शक्यच नव्हतं. एकदमच काहीतरी येऊन आदळलं असणार. हिशेब मांडला तर सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह. १९८० साली हे प्रसिद्ध झालं.

काळ मोजायला गेलेल्या माणसांना लघुग्रह सापडला. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर काम हेच वाटतं.

मग साहजिकच सगळे विचारू लागले, एवढं मोठं आदळलं तर खड्डा कुठे आहे? तो मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाखाली गाडलेला होता. तेलाच्या शोधात तिथे पाहणी करणाऱ्या ग्लेन पेनफिल्ड आणि अँटोनियो कामार्गो यांना जमिनीखालचं ते प्रचंड वर्तुळ १९७० च्या दशकाच्या अखेरीसच दिसलं होतं. या दोन गोष्टींची गाठ पडायला १९९१ उजाडलं. चिक्शुलुब विवर, व्यास सुमारे १८० किलोमीटर, वय ६ कोटी ६० लाख वर्षं. २०१६ मध्ये त्याच्या पोटात खोल छिद्र घेऊन खडक बाहेर काढले. आसपासच्या प्रदेशात जिप्समसारखे गंधकयुक्त खडक विपुल आहेत, पण छिद्रातून आलेल्या त्या थरांत ते जवळपास नव्हतेच. त्यांची वाफ होऊन ते आकाशात गेले होते.

खरा घात झाला तो या वाफेने आणि काजळीने. लोकांना वाटतं डायनासोर दगडाखाली चिरडून मेले. तिथले मेले असतील. बाकी जगात सूर्य झाकोळला, थंडी पडली, वनस्पतींना अन्न बनवता येईना. आधी पानं खाणारे गेले, मग त्यांना खाणारे. पृथ्वीवरच्या जवळजवळ तीन चतुर्थांश जाती संपल्या. उत्तर अमेरिकेतल्या त्याच वयाच्या पट्ट्याच्या लगेच वरच्या गाळात फुलझाडांचे परागकण एकदम घटतात आणि नेच्यांचे (फर्नचे) बीजाणू उसळून येतात. जळून गेलेल्या रानात आजही पहिल्यांदा उगवणाऱ्यांत नेचे असतात.

आणि ते मासे. विवरापासून सुमारे ३,००० किलोमीटरवर, अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या टॅनिस या जागी, चिखलात एकमेकांवर रचल्यासारखे स्टर्जन आणि पॅडलफिश सापडले. भूकंपाच्या हादऱ्यांनी पाणी हेलकावलं आणि ते गाळाखाली गेले. त्यांच्या कल्ल्यांत काचेचे बारीक मणी अडकलेले आहेत. आदळताना वितळून उडालेला खडक थेंबाथेंबांनी पाण्यात पडत होता आणि मासे त्याच पाण्यात श्वास घेत होते. यांच्याही हाडांत रेघा आहेत, उन्हाळ्यात वाढ दाट, हिवाळ्यात विरळ. २०२२ मध्ये त्या वाचल्या गेल्या. वाढीचा हंगाम नुकता सुरू झालेला होता. उत्तर गोलार्धात वसंत ऋतू होता, नवी पालवी आणि नवी पिल्लं येण्याचे दिवस. वर्ष आपल्याला हजारो वर्षांच्या फरकाने मोजावं लागतं आणि ऋतू मात्र कळतो. पाहायला कोण गेलं होतं म्हणता ना? हे मासे होते तिथे.

जाणकार श्रोते इथे दख्खनच्या लाव्ह्याचं विचारतात, आणि बरोबरच विचारतात. दख्खनचा काळा कातळ ज्या उद्रेकांतून आला, ते आघाताच्या आधीपासून सुरू होते आणि नंतरही चालू राहिले, मिळून दहा लाख वर्षांच्या आत-बाहेर. त्या वायूंनी हवामान किती ढासळलं होतं यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. माझं मत लघुग्रहाच्या बाजूने आहे, कारण समुद्री जीवांची ती कवचं पट्ट्यापर्यंत आहेत आणि पट्ट्यावर अचानक सरतात. हळूहळू आलेलं मरण असं दिसत नाही.

सगळेच मात्र गेले नाहीत. जमिनीवरचे मोठे प्राणी टिकले नाहीत, मगरींसारखे थोडके सोडले तर. पण डायनासोरांचीच एक शाखा तगली, ती म्हणजे पक्षी. दाताचे पक्षी गेले, बिनदाती चोचीचे काही राहिले, बहुधा जमिनीत पडलेल्या बियांवर. मी हे सांगितलं की पुन्हा हात वर होतो: पक्षी म्हणजे डायनासोर, हे तरी कशावरून?

अमेरिकेतल्या मोंटानात सापडलेल्या एका टी. रेक्सचा प्लास्टरमध्ये बांधलेला ठोकळा हेलिकॉप्टरला पेलेना. तो दोन भागांत फोडावा लागला, त्यात मांडीचं हाड मोडलं, आणि त्याचे तुकडे जीवाश्मशास्त्रज्ञ मेरी श्वाइट्झर यांच्याकडे तपासायला गेले. हाडाच्या पोकळीत त्यांना आतून एक वेगळंच, जाळीदार अस्तर दिसलं. २००५ साली त्यांनी ते शहामृग आणि इमूच्या मादीच्या हाडाशी ताडून पाहिलं. पक्ष्यांच्या मादीत हे अस्तर अंडी घालायच्या दिवसांतच तयार होतं, कारण कवचासाठी कॅल्शियम तिथून घ्यायचं असतं. अंडी घालून झाली की ते विरून जातं. तो टी. रेक्स मादी होती, आणि मेली तेव्हा तिचे अंड्यांचे दिवस होते. तुमच्या खिडकीबाहेर या हंगामात घरटं बांधणाऱ्या चिमणीच्या हाडात आत्ता तेच अस्तर धरत असेल.