लास्लो शोयोम यांच्या मागावर, डॅन्यूबकाठी

बुडापेस्टच्या न्युगती स्टेशनातून निघालेली गाडी पुढे डॅन्यूबच्या काठाकाठाने धावते. नॉज्मारोशला उतरले की समोर विशेग्रादचा किल्ला, मध्ये रुंद नदी. बहुतेक प्रवासी फेरीबोटीने पलीकडे जातात. मी याच काठावर रेंगाळले, कारण इथे होणारे धरण झाले नाही.

१९७७ च्या करारानुसार हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया मिळून नदीवर बांध घालणार होते. 'दुना कोर' (डॅन्यूब मंडळ) ही पर्यावरण चळवळ त्याविरुद्ध उभी राहिली आणि तिला कायद्याचा सल्ला देणाऱ्यांत पेच शहरात जन्मलेले लास्लो शोयोम होते, नागरी कायद्याचे प्राध्यापक आणि पुढे हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष. १९८९ मध्ये सरकारने इथले काम थांबवले.

बुडाच्या टेकडीवरचा शांदोर राजवाडा हे त्यांचे २००५ ते २०१० मधले कार्यालय. पर्यावरणवाद्यांनी त्यांचे नाव पुढे केले आणि संसदेत तिसऱ्या फेरीत ते १८५ विरुद्ध १८२ मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. पहाऱ्यावरचे शिपाई बघायला गर्दी होती. मला मात्र त्यांचे त्याआधीचे काम फार मोठे वाटते. १९९० ते १९९८ ते नव्या घटना न्यायालयाचे अध्यक्ष होते. पहिल्याच वर्षी या न्यायालयाने फाशी घटनाबाह्य ठरवली: जगण्याचा हक्क आणि माणसाची प्रतिष्ठा वेगळी काढता येत नाहीत, म्हणून. १९९१ मध्ये, प्रत्येक नागरिकाला सगळीकडे लागू होणारा एकच ओळख क्रमांकही नाकारला. 'आधार'वरचे आपल्याकडचे खटले त्यानंतर दोन दशकांनी सुरू झाले!

शेवटी कोमारोम. इथला एलिझाबेथ पूल हंगेरीतून स्लोव्हाकियात नेतो. २१ ऑगस्ट २००९ ला पलीकडे हंगेरीचा पहिला राजा सेंट स्टीफन याच्या पुतळ्याच्या अनावरणाला शोयोम निघाले होते. स्लोव्हाकियाने प्रवेश नाकारला. १९६८ साली तेव्हाच्या एकत्रित चेकोस्लोव्हाकियावर चालून गेलेल्या फौजांत हंगेरीचीही तुकडी होती आणि दिवस नेमका त्या आक्रमणाच्या स्मृतीचा. शोयोम पुलाच्या मध्यापर्यंत चालत गेले आणि परतले.

मी पूल पार केला, कोणी पासपोर्टही विचारला नाही. हंगेरीने मात्र त्या दिवसाचा दावा युरोपीय न्यायालयात नेला आणि २०१२ मध्ये हरला: राष्ट्रप्रमुखाला साध्या नागरिकाचा मुक्त संचाराचा हक्क सांगता येत नाही. मला हा निकाल पटतो, आणि पुलावरून परत फिरलेला तो कायदेपंडित त्याहून जास्त.