गाडीखालचे गुलाबी डाग

आठवडाभर रोज सकाळी गाडीखाली ओलं. आई म्हणाली, "एसीचं पाणी असेल." नाशिकच्या डिसेंबरात एसी कोण लावतंय!

शेवटी गेल्या हंगामातल्या द्राक्षपेटीचा पुठ्ठा उलगडून रात्री इंजिनाखाली सरकवला. सकाळी त्यावर रुपयाएवढे तीन गुलाबी डाग. बोटाला बुळबुळीत, वास गोडसर. म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारा द्रव. (विषारी असतं ते. गल्लीतलं मांजर हुंगायला आलं, तसा पुठ्ठा झटकन उचलला.)

द्वारका चौकाजवळच्या मिस्त्रींकडे गाडी दोनदा नेली. दोन्ही वेळा इंजिन गरम आणि गळती गायब. "भाऊ, काहीच नाहीये!" तिसऱ्यांदा गाडी रात्रभर त्यांच्याकडेच ठेवली. सकाळी थंडगार इंजिनावर टॉर्च मारला, तर रेडिएटरच्या खालच्या होजपाइपच्या टोकाला थेंब लोंबकळत होता. थंडीत रबर आकसतं, क्लिपची पकड सैल होते. इंजिन तापलं की रबर फुगतं आणि फट आपोआप बुजते. म्हणून चोर दिवसा सापडत नव्हता.

नवी क्लिप, पाव लिटर कूलंट आणि मिस्त्रींच्या आग्रहाचा कटिंग चहा.

पुठ्ठा रात्री अजूनही गाडीखाली असतो. आज सकाळी कोरडा होता.