शोध कंपनीचा, नाव माणसाचं

नाशिकच्या माणसाला बॉश सांगावी लागत नाही. सातपूरचा कारखाना, डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर, शेजारीपाजारी कुणी ना कुणी तिथे कामाला. मी नोकरीसाठी जर्मनीतल्या श्टुटगार्टजवळ आलो (दुसऱ्या, लहान कंपनीत) आणि मग या कंपनीची मला सर्वांत मोलाची वाटणारी करामत समजली. ती सिलिकॉनमधली आहे.

जवळच्या रॉयटलिंगेन गावात बॉश सिलिकॉनच्या चकत्यांवर सेन्सर बनवते. त्यासाठी केसाहून अरुंद आणि अगदी सरळ, खोल चर कोरावे लागतात. पण कोरणारा वायू खाली जातो तसाच बाजूलाही पसरतो आणि भिंती खातो. फ्रान्झ लेर्मर आणि आंद्रेआ उर्बान या बॉशच्या दोन संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तोड काढली. काही सेकंद कोरायचं, मग भिंतींवर संरक्षक थर चढवायचा, पुन्हा कोरायचं. विहीर खणता खणता कडेचं बांधकामही करत जावं, तसं. तळावरचा थर आयनांच्या (विद्युतभारित कणांच्या) माऱ्याने निघून जातो, भिंतीवरचा टिकतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या भिंतीवर बारीक लाटा दिसतात. एक लाट म्हणजे कोरण्याची एक फेरी. मी तासन् तास बघत बसू शकतो.

१९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका चाचणीत मर्सिडीजची नवी ए-क्लास उलटली. त्यानंतर त्या गाडीत ईएसपी, म्हणजे घसरू लागलेली गाडी सावरणारी यंत्रणा, सरसकट बसवायचं ठरलं. ईएसपीला गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते आहे हे कळावं लागतं, त्यामुळे असे सेन्सर स्वस्तात आणि प्रचंड संख्येने हवे झाले. कोरण्याची पद्धत तोवर तयार होती. आज मोबाइल आडवा धरला की स्क्रीन फिरते, त्यामागेही असेच सेन्सर. लेर्मर आणि उर्बान यांना २००७ मध्ये युरोपियन इन्व्हेंटर पुरस्कार मिळाला.

बॉशची मूळ कंपनी शेअर बाजारात नाही. ९० टक्क्यांहून जास्त भांडवल एका धर्मादाय संस्थेकडे आहे. अशा संशोधनासाठी इतकी वर्षं धीर धरता येण्यात त्याचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं.

पण मला खरं अप्रूप आहे ते १९५७ च्या जर्मन कायद्याचं. नोकरदाराने कामात शोध लावला तर त्याने तो कंपनीला लेखी कळवायचा. कंपनीने तो स्वतःकडे घेतला तर वाजवी मोबदला देणं तिला बंधनकारक. पगार वेगळा, हा वेगळा.

आमच्या लॅबमधला एक तंत्रज्ञ शिकाऊ उमेदवारीतून वर आलेला, पदवी नाही. सेन्सरच्या बाहेरच्या कवचात गोंद भरताना सुई जरा तिरकी धरली तर बुडबुडा राहत नाही, हे त्याने हेरलं. त्यावरून पुढे एक नवी रचना झाली. शोध कंपनीला कळवायच्या फॉर्मवर प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहायचा असतो. आमच्या डॉक्टरेट झालेल्या प्रमुखांनी त्याच्या नावापुढे ४० लिहिलं, स्वतःच्या नावापुढे १०. कुणीही हुज्जत घातली नाही. त्या दिवसापासून बैठकीत तो तंत्रज्ञ आधी बोलतो.

आपल्या पेटंट कायद्यात नोकरदाराच्या अशा मोबदल्याची तरतूद नाही; सगळं नेमणुकीच्या करारावर. सातपूर, अंबड, चाकणला मशीनवर उभं राहून जिग आणि फिक्स्चर (काम करताना वस्तू पक्की धरून ठेवणारी साधनं) सुधारणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांची नावं कुठे लिहिली जातात? तुमच्या कारखान्यात अशी नोंद होत असेल, तर ती कोण करतं आणि त्या माणसाच्या हाती काय पडतं, हे मला जरूर कळवा.