चौदा हजार पानं आणि एक हुकलेला कवी

शुक्रवार, रात्री

सध्या झोपण्याआधी जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सची रोजनिशी वाचतेय. हा अमेरिकेचा सहावा राष्ट्राध्यक्ष. त्याआधी हॉलंड, प्रशिया, रशिया आणि इंग्लंडमध्ये राजदूत होता, मग परराष्ट्रमंत्री झाला. मूळ वह्या बॉस्टनला मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहेत. एकूण 51 खंड, 14,000 हून जास्त पानं. त्यांनी पान न् पान स्कॅन करून ठेवलंय, त्यामुळे घरबसल्या त्याचं अक्षरसुद्धा बघता येतं.

सुरुवात 1779 च्या नोव्हेंबरातली. पोरगा बारा वर्षांचा, वडिलांबरोबर दुसऱ्यांदा युरोपला निघालेला. गंमत म्हणजे त्याच्या आदल्या वर्षी त्याने आईला पत्रात लिहिलं होतं, की बाबा रोजनिशी लिही म्हणून मागे लागलेत, त्याचा उपयोगही मला पटतो, पण तेवढी चिकाटी माझ्यात नाही. शिवाय पुढे कधीतरी स्वतःचा हा पोरकटपणा वाचून ओशाळायला होईल, हीही धास्ती. अशा मुलाने पुढे 1848 मध्ये मरेपर्यंत लिहिलं.

पण खरं त्याला व्हायचं होतं कवी. 1816 मध्ये, लंडनला राजदूत असताना, त्याने रोजनिशीतच लिहून ठेवलंय: प्रतिभा आणि परिस्थिती निवडायची मुभा असती तर मी थोर कवी झालो असतो, तसं नाही, तरी पद्यं जुळवण्यात आयुष्याचा बराच भाग वाया घालवला आणि सामान्यपणाच्या रिंगणातून बाहेर काही पडलो नाही. वय एकोणपन्नास, देशाचा सर्वात महत्त्वाचा राजदूत, आणि रात्री वहीत हे!

बर्लिनला असताना त्याने वीलांडचं ‘ओबेरॉन’ हे लांबलचक जर्मन काव्य अख्खं इंग्रजी पद्यात आणलं. पण सॉदबी नावाच्या इंग्रज कवीचा अनुवाद आधीच बाजारात आला होता, म्हणून याचं हस्तलिखित पेटीत गेलं. छापलं गेलं ते थेट 1940 मध्ये. 1832 मध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्षपद गमावून प्रतिनिधीगृहात साधा सदस्य म्हणून बसायला लागल्यावर, ‘डर्मॉट मॅकमॉरो’ हे आख्यान काढलं. बाराव्या शतकातला आयर्लंडमधला एक राजा, पळवून आणलेली दुसऱ्याची बायको, गादी परत मिळवायला इंग्लंडच्या राजाकडे मागितलेली मदत आणि त्यात गेलेला देश. कथानक झकास आहे. छंद इंग्रज कवी बायरनच्या ‘डॉन जुआन’चा, आठ-आठ ओळींच्या कडव्यांचा. मी थोडं वाचलं. यमकं बिनचूक आहेत, आणि बहुतेक ठिकाणी कौतुक तेवढ्यावरच थांबतं. बायरनचा खट्याळपणा याच्या हाडात नव्हताच. त्याला प्रत्येक कडव्यात काहीतरी शिकवायचं असतं.

त्याने हार्वर्डमध्ये दिलेली वक्तृत्वावरची व्याख्यानं 1810 मध्ये दोन खंडांत निघाली, प्रशियातल्या सायलेशिया प्रांताच्या प्रवासाची पत्रंही पुस्तकरूपाने आली. पत्रं बरी आहेत. 1821 चा वजनमापांवरचा सरकारी अहवाल मात्र त्याला फार प्रिय होता. पहाटे उठून वर्षानुवर्षं खपून लिहिलेला. त्यात फ्रान्सच्या मेट्रिक पद्धतीची तोंडभर स्तुती केलीय आणि शेवटी शिफारस अशी, की तूर्त आपण आहे तेच चालू ठेवावं.

‘द वॉन्ट्स ऑफ मॅन’ ही कविता तेवढी मला मनापासून आवडली. माणसाला या जगात थोडंच लागतं, हे कवी गोल्डस्मिथचं म्हणणं घेऊन सुरुवात, आणि लगेच, माझं मात्र तसं नाही बुवा! मग मागण्यांची यादी सुरू: रोजची भाकरी, पण जोडीला बदकाचं मांस आणि वाइनही, चांगला स्वयंपाकी, मित्र, आणि पुढे कुठेतरी हळूच सत्तेचे शिक्के आणि लोकांनी विकत न देता, आपखुशीने दिलेला राज्याधिकार. जनतेने एकाच कारकिर्दीनंतर घरी बसवलेला माणूस हे लिहितोय म्हटल्यावर हसूही येतं आणि कीवही.

आणि रोजनिशी? तिथे हा माणूस सुटतो. अँड्र्यू जॅक्सनने त्याला 1828 मध्ये हरवलं. 1833 मध्ये हार्वर्डने त्याच जॅक्सनला मानद पदवी द्यायचं ठरवलं, तेव्हा हा समारंभाला गेलाच नाही. वहीत लिहिलं, की ज्याला व्याकरणशुद्ध वाक्य येत नाही आणि स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही, अशा रानटी माणसाला पदवी देण्याची बेअब्रू मी बघणार नाही. पण स्वतःलाही सोडत नाही. 1819 ची नोंद आहे: मी अलिप्त, थंड, कठोर माणूस आहे, स्वभावातलं हे वैगुण्य मला ठाऊक आहे, बदलण्याइतकी लवचिकता माझ्यात नाही. मिसूरी राज्य गुलामगिरीसकट संघात घेण्यावरून वाद पेटला, तेव्हा 1820 च्या जानेवारीत त्याने लिहिलं, की ही एका मोठ्या शोकात्म ग्रंथाची नुसती प्रस्तावना आहे. यादवी युद्ध पेटलं 1861 मध्ये.

मला दिलासा वाटला तो त्याच्या थकबाकीचा! आठवडेच्या आठवडे मागे पडायचा. मग रोज एक ओळ टिपून ठेवायची आणि सवड मिळाली की त्यावरून मोठी नोंद तयार करायची. मधूनमधून स्वतःवर चरफड. तेव्हा ‘त्या त्या रात्री उतरलेलं ताजं मन’ वगैरे समजून वाचण्यात अर्थ नाही. बऱ्याच ठिकाणी हा आठवून, मांडून, घासूनपुसून लिहिणारा माणूस आहे. कदाचित म्हणूनच ते इतकं चांगलंय. कवितेत जो कारागीर जड जातो, तोच इथे कामाला येतो.

मुलगा चार्ल्स फ्रान्सिस याने 1874 ते 1877 मध्ये निवडक नोंदींचे बारा खंड छापले. घरगुती बराचसा भाग त्याने वगळला. त्यामुळे बायको लुईसा त्या छापील खंडांत फारशी भेटत नाही. ती स्वतः लिहायची. 1815 मध्ये नवरा आधीच पुढे गेलेला, आणि ही सात वर्षांच्या चार्ल्सला घेऊन ऐन थंडीत सेंट पीटर्सबर्गहून बग्गीने पॅरिसला निघाली. वाटेत नेपोलियन हद्दपारीतून परतल्याची बातमी. फ्रान्समध्ये सैनिकांनी गाडी अडवली, रशियन बग्गी म्हणून जमाव चवताळला, तेव्हा हिने खिडकीतून नेपोलियनच्या नावाचा जयजयकार केला आणि सुटली. हे तिने वीसेक वर्षांनी लिहून काढलं. आठवणींच्या दुसऱ्या एका वहीला नाव दिलं: ‘एका नगण्य व्यक्तीची साहसं’. नवऱ्याच्या सगळ्या कवितांत मिळून नसेल इतका मिश्कीलपणा या एका नावात आहे. जॉनसाहेब 1825 सालापर्यंत आलेत, त्यांना थोडं थांबवून उद्यापासून बाईंना घेते.